पाचव्या रायफलीचा जोड

पोलीस खात्यात पुष्कळ तपास केले, पण मनात घर करून राहिलेला तपास वर्दी उतरवल्यानंतरचा आहे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन मी अबुधाबीत, मुसफ्फामधल्या एका वर्कशॉपमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून लागलो होतो. तिथे प्रदर्शनासाठी जुन्या लष्करी रायफली तयार होत. कापून निकामी केलेले तुकडे वेल्डिंगने जोडायचे, घासायचे, रंगवायचे. नियम एकच, पण कडक : वेल्डिंगचा जोड रंगाखालूनही दिसला पाहिजे. रायफल निकामी असल्याचा तोच पुरावा.

एका सकाळी मॅनेजरने बोलावलं. टेबलावर रंगवून आलेल्या पाच रायफली. चार रायफलींवर जोड उठून दिसत होता. पाचवी गुळगुळीत, अखंड.

"साब, ये असली है. किसी ने बदल दी," तो म्हणाला. "पुलिस को फोन करता हूँ, खलास."

"दोपहर तक रुकिए," मी म्हणालो.

रंगकाम एकाच माणसाकडे होतं. गुहागरकडचा, चाळिशीतला. आधी शारजाच्या गॅरेजमध्ये गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करायचा. फोन गेला असता तर त्याची रवानगी थेट कोठडीत होती.

मी त्याला समोर उभा केला आणि जुन्या सवयीने आवाज चढवला. तो आवाज आठवला की आजही अपराधी वाटतं.

"रायफल बदललीस?"

"नाही साहेब." नजर थेट माझ्याकडे.

"मग हिच्यावर काय केलंस?"

"नुसता रंग मारला." नजर जमिनीवर. "देवाशपथ साहेब, रंगच. दुसरं काही नाही."

माणूस जिथे खोटं बोलतो, तिथेच बहुधा शपथ घेतो. म्हणजे हा रंगाबद्दल खोटं बोलत होता, रायफलीबद्दल नाही.

चोरीच्या गाड्यांच्या तपासात आम्ही चुंबक लावून पाहायचो. पत्र्याला तो धरतो, खाचखळगे बुजवायला भरलेल्या जाड पुट्टीवरून घसरतो. मी पॅन्ट्रीतल्या फ्रिजवरचा चुंबक आणला आणि मॅनेजरसमोर रायफलीच्या लोखंडी भागावर फिरवला. सगळीकडे चिकटला. जोड असायला हवा होता नेमका तिथे घसरून टेबलावर पडला.

"घे पॉलिश पेपर. घास," मी पेंटरला म्हणालो.

रंग गेला, खाली पुट्टी लागली, आणि तिच्याखाली वेल्डिंगची खडबडीत रेघ.

"पुट्टी मना है ना यहाँ?" मॅनेजर ओरडला.

"गॅरेजात जोड दिसला की मालक गाडी परत पाठवायचा," पेंटर मला म्हणाला. "एवढ्या देखण्या वस्तूवर तो वण बघवेना हो."

"मग बोलला का नाहीस?"

"नोकरी जाईल वाटलं."

"आणि नोकरी वाचवायला जेलात निघाला होतास?"

तो रडवेला होता, तरी हसला. मी सगळं हिंदीत सांगितल्यावर मॅनेजरने फोन खिशात टाकला आणि दोस्तीची अरबी हाक मारून तो पेंटरला म्हणाला, "हबीबी, इतना अच्छा काम आगे से मत करना."

संशयिताला 'तू खोटं बोलतोस' एवढं म्हणून भागत नाही, कशाच्या भीतीने बोलतो ते शोधावं लागतं, हे मला तिथे उमगलं. वर्दीत असताना ते उमगलं असतं तर काही माणसांशी मी वेगळा वागलो असतो. पण या एका तपासाचा मला मनापासून अभिमान आहे. त्यात कोणालाही अटक झाली नाही.

पुढे प्रदर्शन पाहायला मुलाला घेऊन गेलो. पाचव्या रायफलीसमोर तो म्हणाला, "बाबा, दॅट लाइन इज सो अग्ली. त्यांनी लपवली का नाही?"

"लपवली होती," मी म्हणालो. "मीच उघडी करायला लावली."