दादाची बेंबी बसवताना

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. आमच्या गुंजवण्यात कुणी 'दिसलं' म्हणालं, की मी उठून गोठ्यात जायचो. तरी हे लिहायचंच ठरवलंय.

आमचं गाव तेव्हा भोर संस्थानात होतं. दादा मुंबईच्या गिरणीत पाणी समजून कापड धुवायचा कॉस्टिक सोडा प्यायला, अन्ननलिका जळून आक्रसली. छाती उघडून मोठं ऑपरेशन झालं आणि तो घरी परतला. मळणीच्या दिवसांत त्याचं पोट दुखायला लागलं, उलट्या सुरू झाल्या. आमच्याकडे पोट दुखलं म्हणजे बेंबी सरकली. आई बेंबी बसवायची. ती गेल्यावर लोक माझ्याकडे यायला लागले. तेल लावून पोट खालून वर दाबत न्यायचं.

"तुजा हात आईवाणी हलका न्हाई रं," दादा म्हणाला.

"गप पड. बोललास की बेंबी पळती."

दाबायला लागलो... आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं. अंगठा नाडीवर ठेवून — शिकवताना आई धरायची तसं. वळून पाहिलं. मागं नुसती भिंत. वहिनी समोर, दादाच्या उशाशी.

"का थांबलात, भावजी?"

"काय न्हाई."

दारात चार माणसं बघत उभी. मला लाज वाटली. मनगट झटकलं आणि पुन्हा दाबलं — जोरानं.

दादाचा श्वास अडकला, ओठ निळे पडले. छातीला कान लावला तर आत पोटासारखी गुडगुड.

"देवऋषी येऊ द्या," कुणीतरी म्हणालं.

"त्यो येईल तवा येईल. झोळी बांधा," मी म्हणालो.

नसरापूरपर्यंत मी खांदा बदलू दिला नाही. तिथून मोटारीनं पुणं.

डॉक्टर म्हणाले, "अन्ननलिकेच्या ऑपरेशनला छाती-पोटामधला पडदा कापावा लागतो. तिथली शिवण उसवली, आतडं छातीत चढलं. फार क्वचित होतं असं. पोट कुणी चोळलं होतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. वहिनीनं माझ्याकडे, मग माझ्या मनगटावरच्या वळांकडे पाहिलं.

दुसऱ्या ऑपरेशननंतर दादा वाचला. त्यानंतर मी कुणाच्या पोटाला हात लावलेला नाही. "धाकट्यानं खांद्यावर न्हेलं म्हणून हाय मी," असं तो अजून पाहुण्यांना सांगतो, आणि मी खाली बघतो. त्याला वाचता येत नाही. हा मजकूर मीच त्याला वाचून दाखवणार आहे.

ते मनगट कुणी धरलं, मला सांगता येत नाही. आई म्हणावं तर पुरावा नाही, भास म्हणावं तर बोटांचे वळ वहिनीनंही पाहिलेत. मात्र ते 'थांब' म्हणतंय हे मला तेव्हाच कळलं होतं... आणि कळूनही मी दाबलं.