पान चौऱ्याऐंशी आणि माझा लाल पेन

दादा गेला त्याच दिवशी त्याच्या पुस्तकाला एक स्टार मिळाला.

कारण लिहिलं होतं, "पुस्तक कोपऱ्यात चेपलेलं आलं."

आज दादाला जाऊन वर्ष झालं. तो स्टार अजून तिथेच आहे.

पुस्तक विकणाऱ्या साइटला मी कितीतरी मेल केले. पुस्तक चेपलं ते वाटेत, त्यात लेखकाचा काय दोष? दर वेळी तेच उत्तर येतं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझा मोठा भाऊ अकोल्याला आयटीआयमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा. रिटायर झाल्यावर त्याने लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टिमवर, मराठीत गाइड लिहिलं. ज्यांच्या घरी जुना, रडतखडत चालणारा कॉम्प्युटर आहे आणि इंग्रजी स्क्रीन बघून ज्यांचा हात थबकतो, त्यांच्यासाठी.

वह्यांमध्ये, हाताने लिहिलं.

दर रविवारी वही घेऊन बसने अमरावतीला माझ्याकडे यायचा. मी लाल पेनने तपासायची आणि टाइप करायची.

आमच्या घरात कॉन्व्हेंट फक्त मला मिळालं. बाबांची बदली अमरावतीला झाली तोवर दादा वलगावच्या शाळेत बराच पुढे गेला होता, मी अजून पहिलीत जायची होते. मराठी त्याचं माझ्यापेक्षा चांगलं. पण करेक्शन करायचा हक्क माझा.

आणि शाळेत सिस्टरांनी एक गोष्ट पक्की शिकवली होती. एकदा लिहिलेलं परत लिहायचं नाही.

दादा मात्र प्रत्येक प्रकरणात लिहायचा, "आधी आपल्या फाइलींची कॉपी काढून ठेवा."

"दादा, हे दुसऱ्या प्रकरणात आलंय. किती वेळा तेच?"

"अवं बाई, हे कादंबरी नोय. ज्याले जिथं अडलं, तो तिथंच पान उघडते."

"वाचणारे काही लहान मुलं नाहीत."

"बरं मॅडम. तुमी शिकलेल्या."

मी खोडलं. अशी कितीतरी वाक्यं खोडली. नंतर मला आठवतही नव्हती.

पुस्तक आलं. मग रविवारी वहीऐवजी माझा फोन मध्ये ठेवून आम्ही बसायचो.

"वाच, काय म्हणते पब्लिक."

"कव्हर छान आहे. अजून वाचलं नाही." पाच स्टार.

"चित्रं रंगीत नाहीत." दोन स्टार.

"मराठीत कॉम्प्युटर शिकून नोकरी लागणार आहे का?" एक स्टार.

"भाषा गावठी." हा पुण्याचा असणार, असं मी म्हणाले. दादा म्हणाला, "पुण्याचा असो का अकोटचा, घेतलं ना त्यानं पुस्तक?"

मी चिडायची. तो हसायचा आणि बशीत चहा ओतायचा. वहिनीने फोनवर विचारलं, पुस्तकाचं काय म्हणतात लोक, तर सांगायचा, "आज बाईले राग येऊन राहिला. म्हणजे कोणीतरी वाचून राहिलं."

मग एका रविवारी हे आलं.

"सहाव्या प्रकरणाप्रमाणे नवीन लिनक्स टाकलं. आईचे सगळे फोटो पुसले गेले. ती आता नाही." एक स्टार.

दादाने बशी खाली ठेवली.

मी मात्र भडकले. "दुसऱ्या प्रकरणात स्पष्ट लिहिलंय, आधी कॉपी काढा म्हणून. लोकांना वाचायला नको, फक्त स्टार द्यायला हवेत."

दादा म्हणाला, "पान कोणतं?"

चौऱ्याऐंशी. मी काढून दाखवलं. तिथे ती सूचना नव्हती.

"घरी जाऊन वही पायतो," म्हणाला. त्या दिवशी तो जेवायला थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या अभिप्रायाखाली त्याचं उत्तर होतं. "चूक माझी आहे. सूचना त्या पानावर हवी होती. कॉम्प्युटर आता चालू करू नका, त्यावर काही टाकू नका. मशीन मला आणून द्या, किंवा मी येतो. फोटो परत काढायचा प्रयत्न करतो."

मी फोन केला. "वहीत होतं का ते वाक्य?"

"नोतं. म्याच विसरलो."

त्या माणसाचं उत्तर कधीच आलं नाही.

दादा वाट बघत राहिला. शेवटच्या आठवड्यात, हॉस्पिटलमध्ये, नाकात नळी असताना त्याने मला विचारलं, "त्या फोटोवाल्याचं काही आलं काय?"

मी म्हणाले, "नाही. आणि तू आता ते सोड."

गेल्या महिन्यात पुस्तक पुन्हा छापायचं ठरलं. मी अकोल्याला, जुन्या शहरातल्या त्याच्या घरी गेले. वहिनीने वह्या काढून दिल्या.

सहावं प्रकरण. दादाचं ठसठशीत अक्षर.

"थांबा. पुढचं बटण दाबलं की जुनं सगळं पुसलं जाते. आधी आपल्या फाइलींची कॉपी काढून ठेवा."

त्यावर लाल रेघ. समासात माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात एकच शब्द, "पुनरुक्ती".

त्याने त्या दिवशी घरी जाऊन हेच पान पाहिलं होतं. आणि मला सांगितलं, म्याच विसरलो.

वर्षभर मी वाचणाऱ्यांवर रागावले. कुरिअरवर, साइटवर, पुण्यावर. सगळ्या अभिप्रायांत एकच खरा होता. आणि तो माझ्यासाठी होता.

आज सकाळी त्या अभिप्रायाखाली मी लिहिलं आहे. "ती सूचना लेखकाने लिहिली होती. मी त्याची बहीण. मी खोडली. तुमचं मशीन अजून तसंच ठेवलं असेल तर कळवा. दादाचे विद्यार्थी आहेत, ते बघतील."

वर्ष उलटलं आहे. मला माहीत आहे.

आणि मित्रांनो, प्रेमापोटी न वाचता पाच स्टार देऊ नका. त्याला ते आवडायचं नाही.

नवीन पुस्तकात ते वाक्य प्रत्येक प्रकरणात आहे. दादा, तू लिहिलंस तसं, "पुसलं जाते" सकट.

यावेळी मी लाल पेन घेतलाच नाही.

जय भीम, दादा.