गिरणीने मागून नेलेला पाळणा

लालबागच्या आमच्या चाळीतून गिरणीने चार पाळणे मागून नेले, त्यातला एक माझ्या लेकाचा. कारण काय, तर विलायतेचे गिरणीवाले बोलणी करायला येत होते. आमचं कापड तिकडे जकातीशिवाय जायचं आणि स्वस्त विकलं जायचं. तुम्ही बायकामाणसांना राबवून घेता म्हणून ते स्वस्त पडतं, तेव्हा कमी पाठवा, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं पाडायला मालकांनी घाईघाईने पाळणाघर थाटलं. सासूबाई मुकादमाला आपल्या मालवणीत म्हणाल्या, "न्हेवा, पण परत हाडा."

पाळण्यांना हिरवा रंग फासून वर गिरणीचा शिक्का मारला. मी सूत गुंडाळायच्या खात्यात होते. लेबर ऑफिसरने बजावलं, "मूल घेऊन ये. कोणी विचारलं तर सांग, रोज इथेच असतं." नोकरी टिकावी म्हणून मी तसंच सांगितलं. पाहुण्यांत एक गोरी बाई होती, तीही तिकडच्या गिरणीत काम केलेली म्हणे. तिने पाळण्याला हात लावला तर ओला रंग बोटांना लागला. माझ्याकडे बघून तिने बोटं रुमालाला पुसली.

बोलणी फोर्टातल्या हॉटेलात झाली. इकडे आम्ही मुंबई आमची म्हणून मोर्च्यांत घसा फोडत होतो आणि तिकडे आमच्या हातच्या कापडाचा सौदा चालला होता. तिथे आम्हाला कोणी दारातसुद्धा उभं केलं नाही. माझा संताप अजून गेलेला नाही. पेपरात आलं, आपल्या गिरण्यांनी निर्यातीवरची मर्यादा स्वखुशीने मान्य केली. कोणाची खुशी, ते छापलं नव्हतं.

विलायतेला जाणारा माल कमी झाला आणि आधी बायकांना काढलं. लेबर ऑफिसरने कागद पुढे केला, 'नोकरी स्वखुशीने सोडत आहे.'

"सही कर, मग हिशेब मिळेल."

"मी खुशीने सोडत नाही. तुम्ही काढलंत, तसं लिहा."

तो हसला. अंगाची नुसती लाही झाली. मी सही न करता तडक पाळणाघर गाठलं. तिथे आता रिकामी खोकी रचली होती. त्यांच्याआडून माझा पाळणा ओढून काढला आणि डोक्यावर घेतला. फाटकावर भय्याने अडवलं.

"बाई, गिरणीचा माल आहे. शिक्का बघ."

"मग यात झोपणारं गिरणीचं मूल दाखव."

तो बाजूला झाला. पाळणा घरी आला, नोकरी काही परत आली नाही.