पुढचा कुठे बसलाय?

मधलाच माणूस उठून गेला, तर त्याच्या पुढच्याला शोधायचं कुणी? मी अण्णाला भर क्लासात विचारलं होतं. सगळे हसले. अण्णा म्हणाला, "पुढच्या धड्यात सांगतो." तो धडा झालाच नाही. अण्णाला जाऊन आज सतरा दिवस झाले.

किस्से मात्र ढीगभर साठलेत. एक सांगायला घेतला की दुसरा त्याचा हात धरून येतो. कुंभकोणममध्ये पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत अण्णा, माझा थोरला भाऊ, कॉम्प्युटर शिकवायचा. जग कुठच्या कुठे गेलं, हा जुन्या 'सी' लँग्वेजवरच! कुणी टोकलं तर म्हणायचा, "'सी'मध्ये पॉइंटर असतात, पत्ता दाखवणारे. आधी ते समजू दे, मग जगाकडे बघू." मी आठवीत दोनदा नापास, लग्नाच्या पंगतीत सांबार वाढणारा. तरी दुपारी काम नसलं की तिथेच पडीक.

*

एका मुंजीत मी घाईघाईने चाळीस केळीची पानं मांडून टाकली. बसले तेवीसच. उरलेली वाळली आणि मालकाने मला हाकलून दिलं. मी तोंड पाडून अण्णाकडे गेलो, तर हा खूश! वर्गाकडे वळून म्हणाला, "बघा, माझ्या भावाने ॲरे केला! आधीच जागा अडवून बसला. डायनॅमिक म्हणजे काय? माणूस आला की पान मांडायचं, उठला की उचलायचं."

"आणि उचलायचं विसरलं तर, सर?" सेल्वीने विचारलं. ती दारासुरम्‌च्या विणकरांची मुलगी, वर्गात सगळ्यात हुशार.

"तर पुढची पंगत उभ्यानेच जेवते!"

*

अण्णाचं म्हणणं, मेमरी म्हणजे गाव. माहितीचे डबे कुठेही असोत, प्रत्येकाकडे पुढच्याचा पत्ता असला की झालं. हे पटवायला त्याने वर्गच गावभर पसरला! एक कॉफीच्या दुकानात, एक बसस्टॉपवर, एक पोट्रामरै तळ्याच्या पायरीवर. कुणाला कुठे बसवलंय ते फक्त अण्णाला ठाऊक. प्रत्येकाच्या हातात घडी घातलेली चिठ्ठी, त्यात पुढच्याचा पत्ता. शेवटच्याच्या चिठ्ठीत शून्य.

पॉइंटर मी! चिठ्ठी घ्यायची, वाचायची, फाडायची, त्या माणसाला मोकळं करायचं आणि पुढच्याकडे पळायचं. मी येईपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. फोन सगळ्यांचे क्लासातल्या स्टीलच्या डब्यात.

"अहो मास्तर, फोन तरी द्या!" नारायणमामा म्हणाले. मामा म्हणजे साठी उलटलेले रिटायर्ड पोस्टमन.

"मामा, मेमरीतल्या डब्याला कोण फोन करतं?"

"बरं. जन्मभर पत्ते शोधले, आता पत्ता होऊन बसतो!"

*

पहिल्याच दिवशी मी जोशात सेल्वीची चिठ्ठी टर्रकन फाडली आणि गटारात टाकली. मग लक्षात आलं, वाचलीच नाही! पुढे बालाजी होता, पापनाशम्‌हून रोज रेल्वेने येणारा. तो कुठे बसलाय कुणास ठाऊक!

"अण्णा, तुला माहीत आहे ना?"

"मला माहीत आहे. कॉम्प्युटरला नाही!"

संध्याकाळ झाली तेव्हा कुठे अण्णा स्वतः जाऊन त्याला घेऊन आला. बालाजी माझ्या अंगावरच धावला. "गाडी गेली माझी! हा कसला पॉइंटर, सर? याला साखळीने बांधा!" अण्णाने माझ्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं, "आधी वाच, मग फाड."

*

एकदा नारायणमामा शेवटचे होते. अण्णाच्या चिठ्ठ्या संपल्या, तो म्हणाला, "मामा, तुमच्याच कागदावर शून्य लिहा." मामांनी खिशातला कागद काढला आणि लिहायचं विसरले. मी उघडला. आत लिहिलेलं, "मार्केट, मुरुगनचं दुकान, वांगी दोन किलो." मी पळत गेलो आणि वांगी घेऊन आलो!

अण्णाने कपाळावर हात मारला. "अरे, शून्य लिहावंच लागतं! नाहीतर शोधणारा शोधतच राहतो."

मामी मात्र निरोप पाठवून मोकळ्या, "रोज ह्यालाच पाठवा. आमचे हे किडकी आणतात."

*

सतरा दिवसांपूर्वी सेल्वी आली नव्हती, म्हणून तिच्या जागी अण्णाच बसस्टॉपवर बसला. कॉफीच्या दुकानात मी मामांची चिठ्ठी वाचली, फाडली, मामा घरी गेले. मी बसस्टॉपवर पोचलो, तर बाक रिकामा.

"मास्तरांनीच नियम मोडला!" मी ओरडलो.

फुलवाली म्हणाली, "तंबी, बाळा, तुझ्या अण्णाच्या छातीत दुखायला लागलं. ऑटोत घालून नेलंय."

दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर आमच्या वडिलांच्या, अप्पांच्या, खांद्यावर हात ठेवून उभे होते. नर्सने माझ्याकडे पिशवी दिली. चष्मा, चपला, शर्ट. शर्टाच्या खिशात घडी घातलेली चिठ्ठी. ती चिठ्ठी, ती पिशवी, समोर दिसेल ते सगळं फाडून टाकावं असं वाटलं मला.

उघडली. अण्णाचं अक्षर. "पोट्रामरै तळं, उत्तरेची पायरी."

अप्पा मागून हाका मारत होते. मी पळालो.

बालाजी पायरीवरच होता. ऊन थेट तोंडावर, तरी जागा सोडली नव्हती.

"काय रे, लंगडा झालास का आज? तीन तास! सरांना सांगतोच, थांब!"

मी हात पुढे केला. त्याने चिठ्ठी दिली, घामाने भिजलेली. मी घडी उलगडली. शून्य होतं.

आधी वाचलं. मग फाडली.