खिडकीची झापड आणि गच्चीवरची पिवळी साडी

आईच्या पहिल्या विमानप्रवासाची तयारी मी जातीनं केली होती. खिडकीची जागा घेतली, कानात घालायला कापूस घेतला आणि निघताना बायकोला बजावलं, "विमान उडायच्या वेळेला तुझी पिवळी साडी गच्चीवर पसर. आईला वरून घर ओळखू आलं पाहिजे." पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा, आपण तिथे पोटभाडेकरू, आणि उडताना-उतरताना खिडक्यांच्या झापडा बंद ठेवायच्या असतात, एवढंच मला माहीत नव्हतं.

आई माझ्यासोबत दिल्लीला माझ्या बहिणीकडे निघाली होती, पण ओढ होती ती खिडकीची. आमच्या गावी, परंदवडीच्या रानात खुरपताना डोक्यावरून विमान गेलं की ती उभी राहून त्याला हात करायची. आम्ही हसायचो. "वरच्यास्नी आपण दिसत असंल का रं?" हा तिचा जन्माचा प्रश्न. आता एक डोळा गेल्यात जमा आणि दुसऱ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. बघायचं तर यंदाच.

"मावशी, झापड खाली घ्या. हवाई दलाचा तळ आहे हा," विमानातली मुलगी म्हणाली.

"ह्यो तर म्हणला वरनं घर दिसतंय."

मी कापसाशी चाळा करत बसलो. आईनंच झापड ओढली. "दुसऱ्याच्या घरात बसायचं तर त्यांचं ऐकाय नको व्हय?" म्हणाली. वर गेल्यावर झापड उघडली तेव्हा खाली नुसते ढग होते. तिकडे बायको साडीची टोकं विटांखाली दाबून उन्हात उभी होती.

परतीच्या विमानातही मी आईला खिडकीशीच बसवलं, पण या खेपेला तोंड बंद ठेवून. पुणे जवळ आलं आणि वैमानिकानं सांगितलं, तळावर लढाऊ विमानांचा सराव चालू आहे, थोडा वेळ वरच घिरट्या घालाव्या लागतील. सगळे कुरकुरले. विमान पश्चिमेकडे वळलं. अजून उंचावर होतो, झापडा उघड्या होत्या आणि दुपार लख्ख होती.

"आरं, ते वलवणचं पाणी न्हवं?" आई एकदम ओरडली. वलवण तिचं माहेर. तिथल्या धरणाशेजारी लोणावळा, तिथून दोऱ्यासारखा रस्ता सोमाटण्याकडे. पुढे कुठेतरी आमचं परंदवडी आणि आमची गच्ची. कपाळ काचेला टेकवून ती बघत राहिली.

"माणूस काय दिसत न्हाई," ती हळूच म्हणाली.

जन्मभराच्या प्रश्नाचं हे उत्तर! तेवढ्यात तिनं हात उचलला आणि काचेतून खाली हात करायला लागली.

"आता कुणाला करतीस?"

"कुणीतरी करत असंल की खालनं. दिसत न्हाई म्हून काय झालं?"

झापडा बंद करायची सूचना आली तेव्हा तिनं न सांगता आपली बंद केली. त्या दिवशी सराव करणारे वैमानिक कोण होते, मला ठाऊक नाही. पण आजही आकाशात लढाऊ विमानांचा गडगडाट झाला की मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार करतो. मी ठरवून जे जमवू शकलो नाही, ते त्यांनी नकळत करून दिलं.

घरी आल्यावर मी हे सगळं रंगवून सांगितलं. बायको चहा गाळत होती.

"घिरट्या घालत होतं ते तुमचं होय?" ती म्हणाली. "मी गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढत होते. हात केला की मी! म्हणजे आईंना हं. तुम्ही उगाच हुरळून जाऊ नका."