मी जागेवर ठेवलेले तीन दगड

डोरीन गेल्याचा निरोप आला तेव्हा मी घरासमोरच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढत होते. तिच्या मुलीने, शेरिलने, दोन ओळींचा मेसेज पाठवला होता. आई पहाटे शांतपणे गेली, तुम्हाला लगेच कळवायचं असं तिनेच सांगून ठेवलं होतं. मी राहिलेला बर्फ कडेपर्यंत काढला, फावडं गराजमध्ये खुंटीला लावलं आणि मगच आत येऊन बसले. ईरा, निहार, तुमच्या आजीची ही सवय तुम्हाला पुण्यात बसूनही ठाऊक आहे. व्हिडिओ कॉलवर तुमच्या मागची फ्रेम वाकडी दिसली, की ती सरळ झाल्याशिवाय मी पुढे बोलत नाही. तुम्ही त्यावर हसता. आज त्याच सवयीबद्दल लिहायचं आहे, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

डोरीन क्री होती, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेली. मी कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं फॉर्म तपासले आहेत हे तिला लायब्ररीत कोणीतरी सांगितलं आणि एक दिवस ती कागदांनी भरलेली पिशवी माझ्या टेबलावर रिकामी करून समोर बसली. आमच्या रेजिना शहरापासून काही तासांवर लष्कराच्या सरावाची मोठी जमीन आहे. लष्कर येण्याआधी तिचे लोक उन्हाळ्यात तिथे तंबू टाकून राहत. तंबूची कड वाऱ्याने उडू नये म्हणून भोवती ठेवलेल्या दगडांची वर्तुळं अजूनही गवतात आहेत. त्यातल्या एका लहान वर्तुळात तिच्या आजीचा जन्म झाला, असं तिच्या घरात सांगत. त्याच्या अगदी जवळून लष्करी गाड्यांची वाट जाते. अशा जागा जपण्यासाठी सरकारने निधी ठेवला होता. तो मिळाला असता तर कुंपण झालं असतं, वाट दुसरीकडून वळवली असती. डोरीनला मरण्यापूर्वी एवढंच बघायचं होतं.

आम्ही वर्षभर तिच्या स्वयंपाकघरात बसून तो अर्ज लिहिला. मी रंगीत चिठ्ठ्या लावायची, ती चहाचा कप नेमका त्यांच्यावर ठेवायची. एकदा माझ्या घरी आली तेव्हा मसाल्यांच्या डब्यांवरची लेबलं वाचून म्हणाली, की लष्करात मी जायला हवं होतं, त्यांचं बरंच काम सोपं झालं असतं. मला 'मॅडम फाईल' म्हणायची. एवढ्या वर्षांत या देशात मला टोपणनाव देणारी ती एकटीच.

त्या जमिनीवर जायला ठरलेल्या दिवशीच परवानगी मिळते. त्या वर्षी तिने मला फोटो काढायला सोबत नेलं. गाडीतून उतरताना म्हणाली, "इथलं काही उचलायचं नाही हं, मॅडम फाईल." मी काही उचलणारी नव्हतेच. ती मोठ्या वर्तुळाशी डोळे मिटून उभी राहिली, आणि मी लहान वर्तुळाचे फोटो काढले. पूर्वेच्या बाजूला वर्तुळ तुटलं होतं, आणि तीन दगड बाहेर, हातभर अंतरावर पडले होते. फोटोत ते बरं दिसेना. अर्ज तपासणाऱ्यांना वाटेल, ही जागा आधीच मोडलेली आहे... मी तिन्ही दगड जोर लावून लोटले, मोकळ्या जागेत बसवले आणि पूर्ण वर्तुळाचा फोटो काढला. मला समाधान वाटलं, हे लपवत नाही.

पंधरा दिवसांनी पाहणीसाठी पुरातत्त्वाच्या तज्ज्ञ बाई आल्या. त्यांच्या अहवालातून मला कळलं, की ती मोकळी जागा म्हणजे तंबूचं दार होतं. दार आणि त्यासाठी बाजूला सारलेले दगड जसेच्या तसे राहिलेलं वर्तुळ क्वचितच सापडतं. पण दगड नुकतेच कोणीतरी हलवले आहेत, आजूबाजूचं गवत आणि माती विस्कटली आहे, मूळ रचना आता सांगता येत नाही, म्हणून लहान वर्तुळ या निधीत धरू नये. मोठ्या वर्तुळाला कुंपण मंजूर झालं. लहान बाहेर राहिलं.

डोरीनने यावर बैठक मागितली. लष्कराकडून एक तरुण कॅप्टन आला होता. बैठकीचा वृत्तांत लिहायला मी होते, दुसरं कोण असणार? मी डोरीनला कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही तिने चढवला नाही. हळू आवाजात ती कॅप्टनला म्हणाली, "तुमच्या पोरांनी माझ्या आजीचं दार बुजवलं." तो म्हणाला, माझी माणसं त्या बाजूला गेलेलीच नाहीत. ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "आमच्याकडून झालं असेल तर मी माफी मागतो, मॅम." मी ते लिहून घेतलं. 'कॅप्टनने माफी मागितली.' अक्षर नेहमीसारखं सुवाच्य.

माझ्या फोनमध्ये दगड हलवण्यापूर्वीचे दोन फोटो होते. ते त्याच दिवशी दाखवले असते तर कोणता दगड कुठे होता हे कळलं असतं. पण मग कोणी हलवले हेही कळलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू, असं करत मी दोन हिवाळे काढले. डोरीनने पुन्हा अर्ज केला. तो मी इतका निर्दोष लिहून दिला, की तिने माझा हात दाबला. तोही फेटाळला गेला. हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटायला गेले तेव्हा सांगायचं असं ठरवून गेले होते. तिने डोळे उघडून विचारलं, "पुन्हा करशील ना अर्ज?" मी हो म्हटलं आणि तिचं पांघरूण सारखं केलं. एवढंच केलं.

गेल्या आठवड्यात शेरिलने मला आईचे कागद न्यायला बोलावलं. त्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच मी तिला सगळं सांगितलं आणि फोटो दाखवले. ती रडली नाही, रागावली नाही. फोटो मोठा करून तिन्ही दगड पाहिले.

"आईने त्या कॅप्टनशी शेवटपर्यंत हात मिळवला नाही," ती म्हणाली. "तो तिच्या अंत्यविधीला आला होता. आम्ही कोणी त्याला बस म्हटलं नाही."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ते मला नको, कागदावर लिहा. म्हणून मी तिथेच बसून दोन पत्रं लिहिली, एक निधीच्या ऑफिसला, एक कॅप्टनला. माझं पूर्ण नाव, मी काय केलं, आणि किती दिवस गप्प बसले. उत्तर काय येईल माहीत नाही. येत्या परवानगीच्या दिवशी शेरिल मला नेणार आहे. तज्ज्ञ बाईंना मी लांबून बोट दाखवून दगडांच्या जागा सांगायच्या. वर्तुळाजवळ जायचं नाही, अशी तिची अट आहे. ती मला मान्य आहे.

बाळांनो, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळावं अशी माझी इच्छा नव्हती.

निघताना डोरीनची खुर्ची दिसली. तिचा निळा कोट तिने शेवटचा काढून टाकला तसाच पाठीवर होता, एक बाही आतल्या बाजूला उलटलेली. माझा हात आपोआप पुढे गेला. शेरिल बघत होती. मी हात मागे घेतला आणि पिशवी उचलून बाहेर पडले.