तीस सेकंदांचा समुद्र

माझ्या घराच्या पुढच्या खोलीत धम्मदीपाचा फोटो स्टुडिओ आहे. आधी तिचे वडील तो चालवत. ते गेल्यावर ती पुण्याची नोकरी सोडून वाशीमला परतली. ती तारीख माझ्या डायरीत आहे, २ जुलै २०२१. ऑटोतून उतरली तेव्हा खांद्याला कॅमेरा आणि दोन्ही हातांत जपून धरलेला थर्माकोलचा डबा.

"यात काय आणलंस?" मी विचारलं.

"समुद्र, काकू."

डब्यात, पाण्याच्या पिशवीत, अंगठ्याएवढा मऊ प्रवाळ होता. पुण्यातल्या माशांच्या दुकानात, टाकीतच वाढवलेला. आज त्याने चार फुटी काचेची टाकी व्यापली आहे. गाळलेलं पाणी, मापून घातलेलं मीठ, वर निळसर दिवा आणि दोन नारंगी मासे. पासपोर्ट फोटोला आलेले लोक कान दाखवायचे विसरून तिकडेच बघत बसतात. समुद्र इथून पाचशे किलोमीटरवर, आणि तिने तो अजून पाहिलेला नाही. कोणी हे ऐकवलं की ती म्हणते, "त्यानंबी मले कुठं पाहिलं?"

टाकीचा फोटो ती तीस सेकंदांचा काढते. दुकानाचं शटर खाली, खोलीतले दिवे बंद, कॅमेरा तिपाईवर, पाणी फिरवणारा पंप तेवढ्यापुरता थांबवलेला. कॅमेऱ्याचा डोळा तीस सेकंद उघडा राहतो. स्थिर असेल ते स्वच्छ उमटतं, हलेल ते विरून जातं. रस्त्यावरून एसटी गेली तरी फरशी हादरते आणि फोटो वाया. एका फोटोसाठी तिने सत्तेचाळीस वेळा प्रयत्न केला; मी मोजत होते. अखेर प्रवाळाचा बोटाएवढा प्रत्येक फाटा उघडलेला मिळाला, आणि माशांच्या जागी हळदीचे दोन फराटे.

तो फोटो गेल्या जानेवारीत गावातल्या छायाचित्र प्रदर्शनात लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी गेलो, तर भिंतीवर नुसता खिळा. परीक्षक जगदेवरावांनी फोटो भिंतीवरून उतरवायला लावला होता. चाळीस वर्षं लग्नांचे फोटो काढलेला माणूस. त्यांनी खोटा म्हटलं की गावासाठी खोटा.

"पोरी, माशाले तोंड नाही, डोळा नाही," ते म्हणाले. "फोटो हलला असता तं सगळाच हलला असता. मासा पुसला आन् प्रवाळ चकचकीत? हे कम्प्युटरवर केलं तू."

"काका, कॅमेरा नाही हलला. मासा हलला."

"तू समुद्र तरी पाहिला का?"

"नाही. तुमी पाहिला ना? मंग प्रवाळ उघडतानी पाहिला का?"

आसपासचे हसले. आयोजकांपैकी भागिरथाबाई तिला बाजूला घेऊ लागल्या. "जाऊ दे माय. पुढल्या वर्षी दुसरा लाव. एखादं फूलगीट."

"दुसरा नाही. हाच लागन, याच खिळ्यावर, माह्या नावानं. प्रदर्शन उद्या संपते. उद्याच दुपारी स्टुडिओत या, काका. नाही आले तं मी या खिळ्याखाली उभी राहीन आन् येणाऱ्याजाणाऱ्याले सांगीन, परीक्षक भेले म्हणून."

१२ जानेवारी, दुपारी एक. जगदेवराव आले, सोबत भागिरथाबाई. धम्मदीपाने शटर ओढलं. मला टाकीच्या डाव्या बाजूला खुर्चीत बसवलं. "काकू, श्वास घ्या, पण मान हलवू नका."

"मी कुठं बसू?" जगदेवरावांनी विचारलं.

"तुमी बसू नका. टाकीसमोरून इकडून तिकडं चकरा मारा. थांबू नका. बोलाले काही हरकत नाही."

"काय बोलू?"

"कालच्यानं मले जे बोलून राह्यले, तेच."

ते खरोखरच बोलत फिरले. हातात मशीन आलं का झाले कलाकार, आमच्या वेळी रोल धुवाले रात्र जाये, वगैरे. माझं नाक खाजत होतं. मी हात उचलला नाही. शेवटी कॅमेरा कट् वाजला.

"कॅमेऱ्यातच पाहा. कम्प्युटर मी लावलाच नाही."

छोट्या पडद्यावर प्रवाळ होता, हळदीचे फराटे होते, माझ्या चष्म्याची दोरीसुद्धा होती. जगदेवराव नव्हते. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा वाकून पाहिलं.

"मी कुठं हाओ?"

"तुमी आलेच नव्हते, काका."

"काय बोलून राह्यली! तीस सेकंद चालून राह्यलो होतो मी!"

"मंग फोटोत काहून नाही? माशाचा निदान रंग तरी उरला. आता सांगा, फोटो खोटा का तुमी खोटे?"

भागिरथाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"पुन्हा काढ," जगदेवराव म्हणाले आणि माझ्या शेजारी ताठ उभे राहिले. या वेळी ते उमटले, शर्टच्या गुंड्यांसकट. त्यांनी पडद्यावर त्या बोटाने मोजल्या. मग म्हणाले, "बरं. तुले उत्तेजनार्थ बक्षीस देतो."

"बक्षीस मी मागितलं का? खिळा तिथंच हाये. फोटो तुमी उतरवला, तुमीच लावा."

चार वाजता प्रदर्शनात त्यांनी स्टुलावर चढून फोटो लावला. तिने दुपारच्या पहिल्या फोटोची प्रत सोबत आणली होती. ती खाली चिकटवली आणि पट्टीवर लिहिलं, "या फोटोत जगदेवराव आहेत."

"हे तरी काढ वं माय," भागिरथाबाई कुजबुजल्या.

"त्याईलेच विचारा, खोटं लिहिलं का."

जगदेवरावांनी पट्टी वाचली आणि स्टूल उचलून ठेवायला गेले. प्रदर्शन संपेपर्यंत दोन्ही फोटो भिंतीवर होते.